गृहपाठातले खडे

मी शाळेतल्या मुलांसाठी गणिताचा गृहपाठ लिहिते. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी शिकवते. शिकवत होते, एका महाविद्यालयात, कंत्राटावर. एका वर्षी ते कंत्राट पुढे वाढलं नाही आणि मी हडपसरच्या एका कंपनीत लागले. ही कंपनी शाळांना ऑनलाइन गृहपाठ पुरवते. मूल घरी मोबाइलवर पान उघडतं, प्रश्न सोडवतं, उत्तर चौकटीत लिहितं आणि बरोबर की चूक ते लगेच कळतं. माझं काम प्रश्न तयार करण्याचं. प्रश्न एकच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे पडतील असा लिहायचा, म्हणजे मित्राला फोन करून उत्तर विचारण्यात अर्थ उरत नाही.

सुरुवातीला रोज हडपसरला जायचे. मी राहायला वारज्यात, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. बस बदलून पोचेपर्यंत निम्मी सकाळ संपलेली असायची. मग घरून काम सुरू झालं आणि पुढे ते तसंच राहिलं. लोक याला सुख म्हणतात. मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं. नंतर एकदा दूध आणायला खाली उतरले आणि दुकानदाराशी बोलताना माझा आवाज फुटेचना. घसा खाकरला, पुन्हा बोलले. जिना चढताना आठवायचा प्रयत्न केला की याआधी आपण मोठ्याने कधी बोललो होतो, तर आठवेना. मीटिंगमध्ये माझा माइक बहुतेक वेळा बंदच असायचा. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ज्या मुलांसाठी मी दिवसभर प्रश्न लिहायचे त्यांतलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. ती माझ्यापर्यंत फक्त बरोबर आणि चूक म्हणून यायची.

आमच्या टीमची प्रमुख माझ्या निम्म्या वयाची मुलगी. एकदा ती मीटिंगमध्ये म्हणाली, "मॅम, मुलं मध्येच ड्रॉप होतात. दोन-तीन क्वेश्चन करतात आणि बंद. काहीतरी इंटरॅक्टिव्ह हवंय. गेम टाइप. प्रश्नातच एम्बेड करायचा."

मला आधी रागच आला. गणिताला साखर लावून द्यायची वेळ आली, असं वाटलं. पण दुपारी जेवताना विचार करत बसले, आणि भागाकारातली बाकी डोळ्यांसमोर आली. मुलांना बाकी नकोशी असते. भाग पूर्ण जात नाही, काहीतरी उरतं, आणि त्या उरलेल्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मला एक जुना खेळ माहीत होता, ज्यात सगळं महत्त्व त्या उरलेल्यालाच आहे.

खेळ अगदी सोपा. खड्यांचा एक ढीग असतो. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन खडे उचलायचे. मग समोरच्याने. शेवटचा खडा जो उचलेल तो जिंकला. गंमत अशी की समोरच्यासाठी दर वेळी चारच्या पटीत खडे ठेवले, तर तो काहीही करो, तुम्हीच जिंकता. म्हणजे ढिगाला चारने भागायचं आणि बाकी उरेल तेवढे उचलायचे. हे मुलांना सांगायचं नाही. त्यांनी खेळत राहायचं, हरायचं, पुन्हा खेळायचं, आणि कधीतरी त्यांना ते दिसेल. खेळाखाली प्रश्न असा, की ढिगात सदतीस खडे आहेत आणि पहिली पाळी तुमची, तर किती उचलाल? प्रत्येक मुलाला आकडा वेगळा.

मी स्क्रीनवर खडे काढले. खडकवासल्याच्या काठावर पाणी उतरल्यावर दिसतात तसे, करडे, थोडे चपटे. बोट लावलं की खडा हलके सरकून बाजूला जाई. पहिल्या आवृत्तीत मुलाशी खेळणारा कॉम्प्युटर कधी चुकतच नसे. टीममधल्या एकाने आपल्या भाचीला खेळायला दिला, तर ती रडली. म्हणून मी कॉम्प्युटरच्या चुकण्याला एक आकडा ठेवला. तो शून्यावर ठेवला की कॉम्प्युटर कधी चुकत नाही, शंभरावर ठेवला की प्रत्येक पाळीला चुकतो. मुलांसाठी मधला कुठलासा आकडा धरला.

खेळ करणं सोपं होतं, तो गृहपाठात बसवणं अवघड. प्रश्नाच्या पानात खेळाची एक चौकट असते. चौकट पानात दिसते खरी, पण आतून ती वेगळं घर असते. चौकटीत काय झालं ते पानाला आपोआप कळत नाही, चौकटीने ते सांगावं लागतं. खेळ संपला की चौकट पानाला निकाल सांगेल आणि पान तो मुलाला न दिसणाऱ्या उत्तराच्या रकान्यात भरेल, अशी मी व्यवस्था केली होती.

पहिल्याच दिवशी शाळेतून फोन आला. हडपसरकडच्याच शाळेतल्या सातवीच्या गणिताच्या बाई होत्या. शांत आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझ्या वर्गात सगळी मुलं जिंकलीत आणि सगळ्यांना शून्य मिळालंय." झालं असं होतं की मुलं जिंकल्या जिंकल्या आनंदाने पान बंद करून टाकत होती. चौकटीला निकाल सांगायला सवडच मिळत नव्हती. मी ते बदललं. आता प्रत्येक खडा उचलला की चौकट लगेच पानाला सांगायची, शेवटपर्यंत थांबायची नाही. बाईंनी नंतर सांगितलं की एका मुलाने त्यांना कारण दिलं होतं, कॉम्प्युटर हरला म्हणून त्याने मार्क ठेवून घेतले. मी फोन ठेवल्यावर एकटीच हसले. हे कुणालातरी सांगावंसं वाटलं, पण सांगण्यासारखं कुणी चटकन सुचलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती गंमत शिळी झाली.

मुलांना खेळ आवडला. आता त्यांना तो एकमेकांशी खेळायचा होता. ऑफिसात ठरलं, दोन घरांतली दोन मुलं खेळू शकतील अशी आवृत्ती करायची. मात्र लहान मुलं असल्याने एकमेकांना काही लिहून पाठवण्याची सोय ठेवायची नाही. फक्त दोन तयार बटणं, 'छान खेळलात' आणि 'पुन्हा खेळूया?'.

मी ते तयार केलं आणि तपासायला बसले. त्यासाठी दोन खेळाडू हवेत. मी लॅपटॉपवर एक खिडकी उघडली, जुन्या टॅबवर दुसरी. लॅपटॉपवर मी दोन खडे उचलले, मग टॅब जवळ ओढून तिथून तीन उचलले, मग पुन्हा लॅपटॉप. स्क्रीनवर अक्षरं यायची, 'समोरचा खेळाडू विचार करत आहे', आणि तो समोरचा खेळाडू मीच. 'छान खेळलात' हे बटण चालतं का ते बघायला मी ते दाबलं. टॅबवर ठण्ण आवाज झाला आणि मलाच माझी शाबासकी मिळाली. चालत होतं. पण असं खेळून खरी चूक सापडत नाही, कारण समोरचा पुढे काय करणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. दुसरं माणूस हवं होतं. मी फोनमधली नावं खाली सरकवत गेले. प्लंबर, गॅसवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, कॉलेजातले जुने सहकारी, ज्यांना इतक्या वर्षांनी फोन करून 'माझ्याशी खडे खेळता का' असं विचारणं मला जमलं नसतं. मग बाबा.

बाबा निवृत्त शिक्षक. जन्मभर शाळेत गणितच शिकवलं. पेठेत राहतात, आमची जुनी जागा पाडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आई गेल्यापासून एकटेच. मी त्यांना वारज्याला या म्हटलं होतं, त्यांनी मला 'तू ये' म्हटलं नव्हतं, आणि तिथेच तो विषय संपला होता. रविवारी फोन व्हायचा. औषधं घेतली का, घेतली. पाणी आलं का, आलं. मग 'बरं, ठेवू?'

मी टॅब घेऊन त्यांच्याकडे गेले आणि आधी त्यांना कॉम्प्युटरशी खेळायला लावलं. चष्मा पुसून त्यांनी एक डाव खेळला. हरले. दुसऱ्या डावाच्या मध्यातच त्यांनी टॅब खाली ठेवला.

"चारचा पाढा आहे की हा," ते म्हणाले. "मुलांना सांगून टाकायचं ना."

"सांगायचं नाही, बाबा. त्यांनी शोधून काढायचं."

"आणि नाही काढलं तर?"

"पुन्हा खेळायचं."

"अस्सं. म्हणजे आता शिक्षकाने नुसतं बसून राहायचं. आमच्या वेळी ही सोय नव्हती."

बोलले असं, पण टॅब ठेवून घेतला. रोज संध्याकाळी पाचच्या चहाला आम्ही खेळायला लागलो, ते पेठेत, मी वारज्यात. आठवड्याभरात माझं तपासणीचं काम संपलं. ते संपल्याचं मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. खेळ चालूच राहिला. दोघांनाही युक्ती माहीत असल्याने कोण जिंकणार ते पहिल्याच पाळीला कळायचं. ज्याच्या वाट्याला चारची पट आली तो हरणार. तरी आम्ही डाव शेवटपर्यंत खेळायचो. त्यांचा एक खडा सरकायचा, मग माझे तीन. बाहेर मुंबईच्या हायवेवरचे ट्रक वाजत असायचे आणि मला कळायचं की आत्ता पेठेत बाबांच्या हातात कप आहे, कारण कप खाली ठेवून बोट लावायला त्यांना जरा वेळ लागायचा. डाव संपला की ते न चुकता 'पुन्हा खेळूया?' दाबायचे. फोनवर त्यांनी मला असं कधी काही विचारलं नव्हतं.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. दिवाळीनंतर केव्हातरी ते चुकायला लागले. सात खडे असताना तीन उचलायचे असतात, म्हणजे चार उरतात. त्यांनी एक उचलला. मला वाटलं, मला जिंकू देताहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग वाटलं, कंटाळले असतील. मी फोन केला आणि विचारलं, आज लक्ष नव्हतं का.

"तू जिंकलीस ना?" ते म्हणाले. "मग तक्रार कसली करतेस?"

मी तो विषय सोडला. सोडणं सोपं होतं. ते त्यानंतरही कधी अगदी बरोबर खेळायचे, पटापट, जुन्या सवयीने, आणि मी निश्चिंत व्हायचे.

मग एक डाव असा आला की ढिगात तीन खडे उरले आणि पाळी त्यांची होती. तिन्ही उचलले की संपलं. त्याला युक्ती लागत नाही, पहिलीतलं मूलही ते करेल. माझ्या स्क्रीनवर 'समोरचा खेळाडू विचार करत आहे' अशी अक्षरं होती. ती खूप वेळ राहिली. मला वाटलं नेट गेलं असेल. मग एक खडा हलला. एकच.

दोन उरले आणि पाळी माझी. मी बोट वर धरून बसले. चहावर साय आली. मी एक उचलला. उरलेला त्यांनी उचलला. ते जिंकले, आणि लगेच मला 'छान खेळलात' असं आलं.

मी तशीच रिक्षा करून पेठेत गेले. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, अगदी नेहमीसारखे. "आज रविवार आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हता.

डॉक्टरांकडे यायला ते सहजी तयार झाले नाहीत. शेवटी डोळे तपासायचे आहेत असं सांगून नेलं, आणि वाटेत खरं काय ते सांगितलं. डॉक्टर तरुण होते, अदबीने बोलत होते. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, मग म्हणाले, "आजोबा, शंभरातून सात वजा करा. मग त्यातून पुन्हा सात. असं करत चला."

"तोंडी परीक्षा आहे होय," बाबा म्हणाले. "आधी कळवायची असते." मग, "त्र्याण्णव. शहाऐंशी." आणि थांबले. त्यांचा अंगठा मांडीवरच्या हाताच्या पेरांवरून चालला होता, पहिल्या पेरावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर. मी खिडकीबाहेर बघितलं. "पुढचं तुम्ही सांगा डॉक्टर," ते म्हणाले. "नुसतं विचारत बसायचं आणि स्वतः काही करायचं नाही, ही सवय चांगली नाही." डॉक्टर हसले. बाबाही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

वारज्याला यायला त्यांनी साफ नकार दिला. तिकडे म्हणे टँकरचं पाणी प्यावं लागतं. मग मीच लॅपटॉप, दोन बॅगा आणि माझी खुर्ची घेऊन पेठेत राहायला आले. घरून काम असल्याने ऑफिसला मी कुठून बसते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दिवसभरासाठी एक बाई ठेवल्या. त्या स्वयंपाक करायच्या आणि बाबांना हवंनको बघायच्या.

मला वाटलं होतं, आता समोरासमोर बसून खेळू. एकदा बसलोही. पण मी समोर असले की बाबा खड्यांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे. किती उचलू ते माझ्या चेहऱ्यावर शोधायचे आणि सापडलं नाही की चिडायचे. म्हणून पुन्हा आधीसारखंच सुरू केलं. ते आतल्या खोलीत टॅबवर, मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर. मध्ये एक भिंत. मी आता जमेल तसं हरत होते. ते जिंकत होते आणि संध्याकाळी जेवताना खुशीत असायचे. खेळाविषयी जेवताना आम्ही बोलायचो नाही. तसं आम्ही कशाविषयीच फारसं बोलायचो नाही. वारज्यात मी एकटी होते. इथे आम्ही दोघं होतो आणि दोघंही आपापल्या जागी तसेच होतो.

मग ऑफिसातली रोजची मीटिंग पाचला सरकली. पहिले दोन-तीन दिवस मी मीटिंग ऐकता ऐकता खेळले, पण तिकडे उत्तरं द्यावी लागत होती. तेव्हा मी बाबांसाठी खेळाची वेगळी प्रत केली. तिच्यात माझ्या जागी कॉम्प्युटर बसवला आणि त्याच्या चुकण्याचा आकडा नव्वदच्या वर नेऊन ठेवला. स्क्रीनवर नाव तसंही कुणाचंच दिसत नाही, 'समोरचा खेळाडू' एवढंच दिसतं. बाबा आत खेळत राहिले, जिंकत राहिले. मी बाहेर मीटिंग करत राहिले. मला वाटलं, झाली व्यवस्था.

काही दिवसांनी मीटिंग चालू असताना दारात हालचाल झाली म्हणून मान वळवली. बाबा टॅब छातीशी धरून उभे होते.

"तू कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"इथेच आहे, बाबा."

"मग माझ्याशी कोण खेळत होतं?"

मी माइक बंद केला. "मीच खेळत होते," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "तू थांबतेस," ते म्हणाले. "तू थांबतेस आणि मग उचलतेस. हा थांबतच नाही." टॅब त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, अगदी लॅपटॉपला लावून. शाळेत नक्कल केलेली वही ते मुलापुढे अशीच ठेवत असणार. "गृहपाठ ज्याचा त्याने करायचा असतो," ते म्हणाले आणि आत गेले.

सात खड्यांतून तीन उचलायचे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी किती वेळ घेते ते राहिलं होतं. इतक्या संध्याकाळी, शहराच्या दोन टोकांना बसून, मी त्यांच्या कपाची वाट बघत होते तेव्हा तिकडे तेही माझं काहीतरी मोजत होते. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पुढचे काही दिवस मी मीटिंगला दांडी मारून स्वतः खेळले. पण नवीन आवृत्ती शाळांना जायची तारीख जवळ आली आणि ते चालेनासं झालं. तेव्हा मी कॉम्प्युटरला थांबायला शिकवलं. कमी खडे असले की जरा जास्त थांबायचं, सुरुवातीला कमी, आणि दर वेळी सारखंच नाही. मी स्वतः कशी थांबते ते आठवून आठवून लिहिलं. आपण कुठे घुटमळतो ते आपल्याला नीट सांगता येत नाही, म्हणून त्यात बराच वेळ गेला. मग ती प्रत बाबांच्या टॅबवर घातली.

त्यानंतर ते दारात आले नाहीत. कधी वाटतं, त्यांना ते खरं वाटलं. कधी वाटतं, कळलं होतं आणि त्यांनी मला सोडून दिलं. विचारायचं माझ्याकडून राहिलं, आणि विचारून कळण्याचे दिवस लवकरच संपले.

ते थांबणं मी मुलांच्या खेळातही घातलं. टीमच्या प्रमुखाने विचारलं, "मॅम, बग आहे का? रिस्पॉन्स स्लो येतोय." बग नाही, कॉम्प्युटर विचार करतोय असं दाखवलंय, असं मी सांगितलं.

त्या सातवीच्या बाईंनी मला एकदा शाळेत बोलावलं. मुलांना खेळताना बघा म्हणाल्या. मी एक दिवस सुट्टी काढून हडपसरला गेले. कॉम्प्युटरच्या खोलीत एकेका स्क्रीनपुढे दोन-दोन मुलं बसली होती आणि कलकलाट होता. इतकी वर्षं बरोबर आणि चूक म्हणून माझ्याकडे येणारी ती मुलं, त्यांना तेल लावलेले केस होते, शाई लागलेल्या बाह्या होत्या, आणि ती एकमेकांना ढकलत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. कोपऱ्यातली एक मुलगी एकटीच खेळत होती. तिच्या जोडीची गैरहजर असावी. ती हरत होती, पुन्हा सुरू करत होती, पुन्हा हरत होती. मग एकदा तिचा हात हवेतच थांबला. ओठ हलले. तिने दोन खडे उचलले आणि सगळा डाव न अडखळता जिंकला. दुसराही जिंकला. मग तिने सावकाश इकडेतिकडे बघितलं, कुणाला सांगावं म्हणून. तिची-माझी नजरानजर झाली. मी मान हलवली. ती लाजून पुन्हा स्क्रीनकडे वळली.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. मग म्हणाले, "तिला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या चेहऱ्यावर, वर्गातल्या मागच्या बाकावरून अचानक बरोबर उत्तर आल्यावर शिक्षकाचा होतो, तसा भाव क्षणभर आला.

उन्हाळ्यात त्यांचं टॅबकडे लक्ष जाईनासं झालं. समोर ठेवला तर ते त्यात आपलं प्रतिबिंब बघत बसायचे. मी तो उचलून कपाटात ठेवून दिला.

वारज्याचा फ्लॅट किती दिवस नुसता बंद ठेवायचा, म्हणून तो मी सोडला. सामान फारसं नव्हतंच. टेम्पोवाल्यांनी दोनेक फेऱ्यांत सगळं खाली नेलं. मी कुलूप लावत होते, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या बाई होत्या, हातात कढीपत्त्याची काडी. मी त्यांना जिन्यात बघितलं होतं. कधी बोलले नव्हते.

"नवीन आलात का?" त्यांनी हसून विचारलं.

मी म्हटलं, नाही, सोडून चाललेय. अनेक वर्षं इथेच राहत होते.

त्या ओशाळल्या. "अगंबाई. मला वाटायचं हा फ्लॅट बंदच असतो. कधी आवाज नाही, काही नाही." मग त्यांनी मला आत बोलावलं, चहा घेऊनच जा म्हणाल्या. टेम्पो खाली थांबला होता, तरी मी गेले. त्यांच्या खिडकीतून माझीच गॅलरी दिसत होती, दुसऱ्या बाजूने. मी तिथून ती कधी पाहिली नव्हती. आम्ही चहा घेतला. त्यांनी विचारलं मी काय करते, मी सांगितलं. त्यांचा नातू सातवीत होता. तो खडे उचलण्याचा खेळ का, म्हणाल्या, अहो, तो आम्हालाही खेळायला बसवतो, मी रोज हरते त्याच्याशी. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि येत चला म्हणाल्या. आता येण्यासारखं तिथे माझं काही राहिलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

पेठेत पोचले तेव्हा बाबा जेवायला बसले होते आणि बाई त्यांना वाढत होत्या. मी हातपाय धुऊन त्यांच्या शेजारी ताट घेतलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग बाईंकडे वळून सौजन्याने म्हणाले, "अहो, पाहुण्यांना आमटी वाढा आधी."

बाई गडबडून माझ्याकडे बघायला लागल्या. मी वाटी पुढे केली. आमटी गरम होती, कोकमाची, जरा गोडसर. मी बाबांना म्हटलं, छान झालीय. ते म्हणाले, "घ्या ना अजून."

मी अजून घेतली.